दोन दुर्बिणी आणि सत्तावीस नक्षत्रे

सुरत हे नाव निघताच मराठी मनापुढे १६६४ चा जानेवारी महिना उभा राहतो. शिवाजी महाराजांच्या त्या स्वारीचे वर्णन आपल्याकडे बखरकारांपासून शाळेतील मुलांपर्यंत सर्वांनी केले आहे. त्याच शहरात बारा वर्षांपूर्वी घडलेली एक निःशब्द घटना मात्र कोणाच्या स्मरणात राहिली नाही. जेरेमी शेकर्ली नावाचा एक तरुण इंग्रज गणिती ३ नोव्हेंबर १६५१ रोजी सुरतेत दुर्बिणीच्या साहाय्याने बुध ग्रहाला सूर्यबिंबावरून सरकताना पाहत होता. इंग्रजांच्या तत्कालीन जुन्या पंचांगाप्रमाणे ती तारीख २४ ऑक्टोबर होती. तिथीचा घोळ आपल्याकडेच असतो असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

बुधाचे असे अधिक्रमण त्यापूर्वी एकदाच पाहिले गेले होते, १६३१ साली पॅरिसमध्ये, गॅसेंडीकडून. पुढचे अधिक्रमण इंग्लंडातून दिसणार नाही, आशियातून दिसेल, असे गणित शेकर्लीने मांडले, आणि ते पाहण्याच्या वेळी तो इंग्रजांची वखार असलेल्या सुरतेत होता. येथून पाठविलेल्या पत्रात त्याने १६५२ च्या धूमकेतूचाही उल्लेख केला आणि येथील ब्राह्मणांच्या ज्योतिषाविषयीचे आपले कुतूहल व्यक्त केले. त्यानंतर थोड्याच काळात तो हिंदुस्थानातच वारला. ज्याला आपल्या पंचांगकर्त्यांशी बोलावयाचे होते असा पाश्चात्त्य ज्योतिषी सतराव्या शतकाच्या मध्यास तापीकाठी येऊन राहिला होता, ही गोष्ट आम्हांस त्याच्या अधिक्रमणापेक्षाही मोलाची वाटते. कारण त्या निरीक्षणातून शास्त्राच्या हाती फारसे काही लागले नाही.

तथापि दुर्बिणीने आकाश पाहण्याचा मान सुरतेच्याही आधी गोव्याकडे जातो. १६१८ च्या नोव्हेंबरात आकाशात एकामागून एक धूमकेतू उगवले. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात त्यांची नोंद केली आहे. त्याच वेळी गोव्यात आलेल्या जेझुइट पाद्र्यांपैकी किरविट्झर याने त्यांचे निरीक्षण केले, त्यात दुर्बिणीचाही उपयोग केला, आणि त्याची पुस्तिका १६२० साली युरोपात छापली गेली. गॅलिलिओने आपली नळी प्रथम आकाशाकडे वळविली १६०९ मध्ये. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत ती विद्या मांडवीच्या काठी पोहोचली होती. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांच्या वाचकांनी आपल्या किनाऱ्याविषयी एवढे ठाऊक ठेवावयास हरकत नाही.

आता या दोन प्रसंगांतील भेद पाहा. सुरतेत पाहावयाचे होते ते बुधाचे बिंब, सूर्याच्या व्यासाच्या सुमारे एकशे नव्वदाव्या हिश्श्याएवढा काळा ठिपका. त्याला नळीची दुर्बीण हवीच होती. गोव्यात पाहावयाचा होता तो आकाशाचा मोठा भाग व्यापणारा पिसारा. त्याला नळी अपुरी होती. गॅलिलिओच्या वीसपट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा जेमतेम पाव अंश मावत असे, म्हणजे चंद्राचे अर्धे बिंब. तिच्यातून धूमकेतूचे मस्तक पाहता येई, पण तो धूमकेतू आहे हे समजण्यासाठी डोळा नळीवरून काढावा लागे.

पुढची अडीचशे वर्षे दुर्बिणीचा इतिहास या अरुंद वाटेनेच चालला. भिंगे मोठी झाली, आरसे आले, आणि आकाशाचा पाहिला जाणारा तुकडा लहान लहान होत गेला. पुण्यात १८८८ च्या सुमारास भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींच्या नावाने जी वेधशाळा कावसजी नायगमवाला यांनी उभारली, तिचा वीस इंची आरसा हे त्या काळचे भूषण होते. ती बंद झाल्यावर १९१२ साली तो कोडाईकनालला गेला. अशा यंत्रांनी शास्त्र वाढले यात संशय नाही. परंतु देवळाच्या पायरीवर बसून आज कोणते नक्षत्र असे विचारणाऱ्या गृहस्थाच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध उरला नाही.

याचे कारण नक्षत्रांच्या घडणीतच आहे. क्रांतिवृत्ताचे ३६० अंश सत्तावीस भागांत वाटले की एका नक्षत्राला १३ अंश २० कला येतात. चंद्र एका दिवसात साधारण तेवढाच चालतो. एक चरण ३ अंश २० कलांचा. ही सगळी मापे मोकळ्या डोळ्याची आहेत. आपल्या पूर्वजांनी आकाशाचे जे मोजमाप केले ते चंद्राच्या चालीने केले, आणि चंद्राची चाल पाव अंशाच्या भोकातून दिसत नाही. कोकणीत तर साध्या ताऱ्यालाही नखेत्र म्हणतात. एकटा तारा पाहण्याची सवयच नाही, पुंजका पाहण्याची आहे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. भाषाशास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत.

उदाहरणासाठी रोहिणी घेऊ. तिच्या पाच ताऱ्यांची आकृती गाड्यासारखी, म्हणून तिला शकट म्हणतात. शनि या शकटाचा भेद करील तर बारा वर्षे अवर्षण पडेल, आणि म्हणून दशरथाने रथ घेऊन त्याला अडविले, ही कथा शनिमाहात्म्य ऐकणाऱ्या घरांत सर्वांना माहीत असते. सूर्यसिद्धान्ताने हा कथेचा विषय गणितात उतरविला: वृषभाच्या सतराव्या अंशात असलेल्या ग्रहाचा दक्षिण शर दोन अंशांहून अधिक असेल तर शकटभेद होतो. आणि कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांच्या १५२० च्या ग्रहलाघवावर महाराष्ट्राची पंचांगे जवळजवळ चारशे वर्षे चालली, त्यांनी स्वच्छ सांगितले की, मंगळ आणि शनि यांचा शकटभेद हल्ली होत नाही, दुसऱ्या कोणत्या युगात होत असेल तर असो. भीतीच्या विषयाला इतक्या शांतपणे गणिताने उत्तर देणारा हा ग्रंथकार आणि त्याचे वडील केशव दैवज्ञ हे दोघेही आकाशाकडे पाहून गणित सुधारणाऱ्यांपैकी होते. त्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती. असती तर शकट पाहण्यासाठी त्यांना चार-पाच अंश एकदम दाखविणारी हवी होती, आणि तशी दुर्बीण जगात निर्माण व्हावयास आणखी साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

ती म्हणजे दोन डोळ्यांची लोलकवाली दुर्बीण. इग्नात्सियो पोरो या इटालियन अभियंत्याने १८५४ साली काचेच्या लोलकांत प्रकाश फिरवून उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ती काढली. जर्मनीत एर्न्स्ट आबे यांनी ती परिपूर्ण केली आणि १८९४ मध्ये त्साइसच्या कारखान्यातून अशा द्विनेत्री बाजारात आल्या. योगायोग असा की, आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ दोनच वर्षांनी, १८९६ साली, पुण्यास प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत या शतपथ ब्राह्मणातील वाक्यावरून त्या वचनाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे ठरविणारे दीक्षित हे मोकळ्या आकाशाचे अभ्यासक. दीक्षितांचा ग्रंथ आणि त्साइसची द्विनेत्री एकाच माणसाच्या हाती क्वचितच पडली, ही आमच्या मते मराठी ज्योतिषाच्या इतिहासातील एक चुकामूक होय.

द्विनेत्रीवर दोन आकडे लिहिलेले असतात. ७ × ५० म्हणजे वस्तू सातपट मोठी दिसते आणि पुढील भिंग ५० मिलिमीटर व्यासाचे आहे. पन्नासाला साताने भागले की सुमारे सात येतात; भिंगातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरांचा. काळोखात तरुण डोळ्याची बाहुलीही साधारण तेवढीच उघडते, म्हणून गोळा झालेला सर्व प्रकाश आत जातो. आरमारातील रात्रीच्या पहाऱ्यासाठी हे माप रूढ झाले ते याच हिशेबाने. वय वाढले की बाहुली पाच मिलिमीटरांवर येते. मग ५० च्या भिंगाचा पुष्कळ प्रकाश वाया जातो, आणि साठीच्या गृहस्थाने ७ × ३५ किंवा ८ × ४० ची हलकी द्विनेत्री घेतली तर त्याचे काही बिघडत नाही. अशा द्विनेत्रीत आकाशाचे सुमारे सात अंश दिसतात, म्हणजे नक्षत्राचे दोन चरण आणि वर थोडे. संपूर्ण रोहिणीशकट तीत मावते.

याहूनही कमी शक्तीची एक जात अलीकडे निघाली आहे: अवघी दुप्पट मोठे दाखविणारी, चाळीस मिलिमीटरांच्या भिंगांची, आणि सुमारे पंचवीस अंशांचे आकाश एकदम दाखविणारी. मौज ही की हिची रचना गॅलिलिओच्याच नळीची आहे, पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग. वीसपटीला जी रचना अरुंद पडली तीच दुपटीला विशाल होते. हिच्या मोठ्या भिंगाचा सगळा प्रकाश डोळ्यात जात नाही. भिंगाची रुंदी खर्ची पडते ती क्षेत्र वाढविण्यात. डोळ्याला मिळतो सुमारे चौपट प्रकाश. चौपट हा शब्द ऐकण्यास लहान वाटतो. पण स्वच्छ काळोख्या रात्री मोकळ्या डोळ्यास एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसतात. त्यांचे हिने आठ-दहा हजार होतात, आणि आकृती मोडत नाही. पंचवीस अंश म्हणजे जवळजवळ दोन नक्षत्रे. कृत्तिका आणि रोहिणी, किंवा सबंध मृग त्याच्या बाणासह, एका दृष्टिक्षेपात! मोठ्या दुर्बिणीत तारे पुष्कळ असतात, पण आपण कोठे आहोत हेच कळेनासे होते. येथे ओळखीचे घर दिवे लावून दाखवावे तसे नक्षत्र दिसते.

अशा साध्या साधनाला कमी लेखण्याची चाल आहे, म्हणून इंग्लंडातील जॉर्ज ऑल्कॉक या शाळामास्तरांचे नाव सांगतो. त्यांनी हजारो ताऱ्यांच्या आकृती पाठ केल्या होत्या, आपल्या वैदिकांनी संहिता कराव्या तशा. १९५९ च्या ऑगस्टमध्ये एका आठवड्याच्या आत दोन धूमकेतू आणि १९६७ मध्ये एक नवतारा त्यांनी द्विनेत्रीने शोधले. त्यांच्या द्विनेत्री आपण सांगितल्या त्याहून बऱ्याच मोठ्या होत्या हे खरे. पण शोध लागला तो पाठांतराने.

पाठांतराला पाहावयास आकाश मात्र हवे. येथे आपण पुन्हा सुरतेत येऊ, पण वखारीपासून दूर, शहराच्या पूर्वेस पर्वत पाटियाला. पाटिया म्हणजे गावाकडे वळणाऱ्या फाट्यावरची पाटी; पर्वत हे त्या गावाचे नाव, आणि नावात पर्वत असला तरी सगळा प्रदेश तापीच्या गाळाचा, तळहातासारखा सपाट. येथे, लिंबायतेत, डिंडोलीत आणि उधन्याला खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कापडाच्या धंद्यात राबत आहेत. मागांचा खडखडाट आणि बाजारांचे दिवे रात्रभर चालू असतात. घराच्या गच्चीवर उभे राहिले तर चंद्र, ग्रह आणि काही ठळक तारे दिसतात. आकाशगंगेचे नावच नको. हे एकट्या सुरतेचे दुःख नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशाप्रमाणे मानवजातीच्या एकतृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही.

आमच्या वाचकांच्या दृष्टीने यात काय गेले? पंचांग तर घरोघर आहे. सकाळी तिथी, वार, नक्षत्र, योग, करण वाचलेही जातात. परंतु वाचलेले नक्षत्र रात्री डोळ्यांनी ताडून पाहण्याची वाट बंद झाली. विवाहात वधूला अरुंधती दाखविताना बोट मांडवाच्या छताकडे केले जाते. शहरातील पोरांना आजीच्या गोष्टीतले बाजले आणि त्याच्यामागे लागलेले तीन चोर, म्हणजे सप्तर्षी, पुस्तकातील चित्रावरून दाखवावे लागतात. पंचांग ही मुळात आकाशाची नोंदवही. तिचा आकाशाशी मेळ बसतो की नाही हे पाहणारे डोळेच उरले नाहीत, तर पंचांगात काय छापले आहे याची खातरजमा करणारा कोण? गणेश दैवज्ञांनी शनीच्या भयाला उत्तर दिले ते ताडून पाहणाऱ्याच्या अधिकाराने.

या बाबतीत मराठी मुलखात एक मोठा वाद होऊन गेला आहे, आणि तो एका अशाच मंद ताऱ्यावरून. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या गणितावर १८६५ पासून जे पटवर्धनी पंचांग निघू लागले त्यात राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून, म्हणजे पाश्चात्त्य ज्यास झीटा पिशियम म्हणतात त्या ताऱ्यापासून धरला होता. लोकमान्य टिळकांनी तोच पक्ष उचलून धरला. उलट व्यंकटेश बापूजी केतकर हे चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ मानणारे. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचे अंतर. त्यामुळे संक्रांती पुढेमागे होतात आणि अधिकमास कधीकधी निराळे येतात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चैत्रपक्षाला धरून निर्णय दिला, तरी टिळक पंचांग मानणारी घरे आजही आहेत. वादातील मुद्दे येथे मांडण्याचे कारण नाही. पण चित्रा हा पहिल्या प्रतीचा तारा, आणि रेवतीचा योगतारा जवळजवळ पन्नासपट मंद. ज्याच्यावरून घरांत सणांच्या तारखा बदलल्या, तो तारा त्या घरांपैकी किती जणांनी पाहिला असेल?

काळोख अद्याप शिल्लक आहे, आणि सुरतेच्या मराठी माणसाच्या तो फारसा दूर नाही. उधन्याहून निघणारी तापी खोऱ्याची रेल्वे, जी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातली गेली आणि जिच्या वाटेने खानदेशची माणसे सुरतेत आली, तीच व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी उलट दिशेने जाते. सोनगडच्या पुढे रान लागते. नंदुरबारच्या उत्तरेस सातपुड्यात तोरणमाळ, दक्षिणेस डांगाचे जंगल. दिवाळीला किंवा उन्हाळ्यात गावी जाणारे कुटुंब ट्रंकेत दोन पातळे कमी घेऊन एक द्विनेत्री घालील, तर खर्चाच्या मानाने लाभ पुष्कळ. इतर ठिकाणी संस्थांनी हे काम अंगावर घेतले आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्रभराची आकाशदर्शने केली. आणि २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातील पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वाघांसाठी राखलेल्या रानात काळोखही राखला गेला, हे बरे झाले.

पाहण्याची रीत सोपी आहे. अंधारात वीस-तीस मिनिटे स्वस्थ बसावे. तेवढ्यात भ्रमणध्वनीचा पडदा एकदा जरी उजळला तरी पुन्हा पहिल्यापासून. बाजेवर उताणे पडून कोपर टेकविले तर हात थरथरत नाही. अमावास्येच्या आसपासच्या रात्री उत्तम. शिशिरात पुष्य डोक्यावर येतो तेव्हा मोकळ्या डोळ्याला तो धुराच्या कणासारखा भासतो. गॅलिलिओला त्यात चाळीसहून अधिक तारे दिसले होते, सात अंशांच्या द्विनेत्रीतही मोहोळ उठावे तसे तारे दिसतात. ज्येष्ठ-आषाढात ढग येण्यापूर्वी वृश्चिकाची नांगी, म्हणजे मूळ, दक्षिणेस चांगली वर असते, तिच्याजवळचे दोन तारकापुंज युरोपातील निरीक्षकांना क्षितिजाशी शोधावे लागतात. शहराच्या गच्चीवरूनही एक गोष्ट साधते. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात वा त्याच्या जवळ असतो त्यावरून महिन्याचे नाव पडले. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटत असता चंद्राच्या तेजात कृत्तिका लोपतात, पण द्विनेत्रीत त्या चंद्राच्या आसपास सापडतात आणि कार्तिक हे नाव आकाशात वाचता येते. गच्चीवर सातपटीपेक्षा १० × ५० बरी. वाढलेल्या शक्तीने उजळ आकाश थोडे काळवंडते. दुपटीची द्विनेत्री मात्र गावाकडेच न्यावी.

राहिला रेवतीचा योगतारा. कार्तिकातील अंधाऱ्या पक्षात रात्री आठच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्यावर येतो. त्याचा दक्षिण-पूर्व कोपरा धरून आग्नेयेकडे दहा-बारा अंश सरकावे. तेथे जवळजवळ सरळ रेषेत, पूर्वपश्चिम, तीन मंद तारे आहेत. पहिल्यापासून तिसऱ्याचे अंतर सहा अंशांहून थोडे अधिक, म्हणजे सातपटीच्या द्विनेत्रीत तिन्ही एकदम मावतात. त्यांपैकी पूर्वेकडचा, सर्वांत मंद, तो रेवतीचा.